प्रभारी पेनड्राइव्ह

सास्तूरच्या कोंडीराम गुरुजींचा कॉम्प्युटर बुधवारी दुपारी बंद पडला, आणि रविवारी लोहाऱ्याच्या मंगल कार्यालयात त्यांचा वधू-वर मेळावा होता.

गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. निवृत्त माणूस एक तर शेतात रमतो, नाहीतर पारावर. गुरुजींना दोन्ही जमलं नाही. शेत पुतण्या नीट सांभाळत होता, आणि गुरुजींनी बांधावर उभं राहून सूचना द्यायला सुरुवात केली की तो दुसऱ्या टोकाला निघून जायचा. पारावर ते बसले की लोक उठायचे, कारण निम्म्यांना त्यांनी शिकवलेलं होतं आणि बोलता बोलता ते अजूनही त्यांचं व्याकरण सुधारायचे. शेवटी त्यांनी सोयरिकी जुळवायचं काम अंगावर घेतलं. लोहाऱ्यापासून पार येरमाळ्यापर्यंतची मुलं-मुली त्यांच्याकडं नाव नोंदवू लागली. प्रत्येकाचा कॉम्प्युटरवर एक फोल्डर. वर्षातून एकदा मेळावा, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या माहितीची छापील पुस्तिका. यंदा चौसष्ट जण होते.

बुधवारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि परत आली ती जरा जास्तच आली. पंखा कधी नव्हे तो जोरात फिरला. कॉम्प्युटरमधून टक् असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला. गुरुजींनी परत चालू केला तेव्हा ‘दुरुस्तीची तयारी चालू आहे’ अशी ओळ आली आणि तिच्याखाली ठिपके गोल फिरू लागले. गुरुजी समोर बसून राहिले. तयारीला वेळ लागतो हे त्यांना नोकरीतल्या अनुभवानं माहीत होतं. दोन तासांनी त्यांच्या पत्नी मथुराबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि पडद्याकडं बघून म्हणाल्या, “दोन तास निस्ती तयारीच चाललीय, मग काम कवा व्हायचं?”

पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. त्यानं फॉरमॅट मारा म्हणून सांगितलं. म्हणजे काय, असं गुरुजींनी विचारलं. सगळं पुसायचं आणि नव्यानं सुरू करायचं, असं भाचा म्हणाला. मेळाव्याला चार दिवस उरले असताना चौसष्ट मुला-मुलींना पुसून नव्यानं सुरू करायचा सल्ला देणाऱ्या माणसाच्या प्रकृतीची गुरुजींनी चौकशी केली आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून ते लोहाऱ्याच्या जीपमध्ये बसले. डबा मांडीवर होता आणि खड्डा आला की ते त्यावर दोन्ही हात ठेवत होते. शेजारच्या म्हातारीनं हळूच विचारलं, आत काय हाय. गुरुजी आपल्याच काळजीत होते. “चौसष्ट जण आहेत,” ते म्हणाले. त्यानंतर लोहाऱ्यापर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नाही.

लोहाऱ्यात बसस्टँडसमोर राजेश्वरीचं दुकान होतं. कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. ती सातवीत गुरुजींच्या वर्गात होती. तेव्हा तिनं वर्गातलं घड्याळ उघडलं होतं आणि गुरुजींनी तिला बाकावर उभं केलं होतं. पण घड्याळ त्यानंतर बरोबर चालू लागलं होतं, हे दोघांनाही आठवत होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलत नसत.

तिनं डबा पडद्याला जोडला, ठिपके फिरताना पाहिले, डब्याला कान लावला आणि आतली डिस्क जुनी झालीय असं सांगितलं. विंडोज जिथं ठेवलेलं असतं तेवढा भाग खराब झाला होता. बाकीचं बहुतेक शाबूत असावं, पण विंडोज उठल्याशिवाय ते दिसणार नव्हतं.

“मग उठवायचं कसं?” गुरुजींनी विचारलं.

राजेश्वरीनं थोडा विचार केला. गुरुजींना समजेल असं सांगायला हवं होतं. “न्हाय उठवायचं,” ती म्हणाली. “समजा मुख्याध्यापक आजारी पडले. कपाटं बंद. तर आपण बाहेरून प्रभारी आणतो ना? तसं. एका पेनड्राइव्हवर वेगळी, छोटी यंत्रणा बसवायची. कॉम्प्युटर विंडोजवरून सुरू न होता त्या पेनड्राइव्हवरून सुरू होणार. मग कपाटातलं सामान दुसरीकडं काढून घ्यायचं.”

गुरुजींना एकदम समजलं, आणि समजल्यामुळं काळजी वाढली. त्यांनी बत्तीस वर्षांत सात प्रभारी पाहिले होते. प्रभारी माणूस आला की जुनं रेकॉर्ड गहाळ होतं, असं त्यांनी तिला गंभीरपणे सांगितलं. हा प्रभारी फक्त वाचेल, कपाटात काही लिहिणार नाही, असं राजेश्वरीनं दोनदा कबूल केल्यावर ते स्टुलावर बसले.

असा पेनड्राइव्ह करून ठेवायचं राजेश्वरी तीन वर्षं मनात घोळवत होती. आजवर तिनं जुन्या सीड्यांवर भागवलं होतं, पण आता सीडीची खाच असलेला कॉम्प्युटरच दुर्मिळ झाला होता. करायचाच तर सगळ्या अवजारांचा करू, असं तिनं ठरवलं: मरायला टेकलेल्या डिस्कमधून फायली काढणारं एक, विसरलेला पासवर्ड काढणारं एक, व्हायरस मारणारं, मेमरी तपासणारं, आणि सुरू होताना यातलं कुठलं हवं ते विचारणारी यादी. सगळं मिळून बारा जीबी भरत होतं. उतरवून घ्यायला तिनं लावून दिलं. अडचण वेगळीच निघाली. दुकानात फक्त चार जीबीचे पेनड्राइव्ह शिल्लक होते. मोठे सगळे लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी उचलले होते.

गुरुजी म्हणाले, मी आणतो. ते बसस्टँडवर गेले आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका गाड्यावरून पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यावर दोन टीबी असं छापलं होतं. राजेश्वरीनं तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तरी गुरुजींचं मन मोडू नये म्हणून तिनं त्यावर यंत्रणा उतरवली. पाऊण तास निळी पट्टी पुढं सरकत राहिली, शंभर टक्के झालं, गुरुजींनी हात जोडले. मग तिनं लिहिलेलं परत वाचून पाहिलं तर पहिल्या चार जीबीनंतर आत काहीच नव्हतं. पेनड्राइव्ह आपण दोन टीबीचे आहोत असं कॉम्प्युटरला सांगत होता आणि पुढचं सगळं सोडून देत होता.

गुरुजींनी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. “पटावर साठ आणि वर्गात सात,” ते म्हणाले. हा प्रकार त्यांना इथंही भेटेल असं वाटलं नव्हतं.

खरा बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह कुणाकडं आहे ते राजेश्वरीला माहीत होतं, कारण तो तिनंच विकला होता. श्रीमंत नावाचा ट्रॅक्टरवाला. तिशी उलटलेला, शांत माणूस. तालुकाभर नांगरटीला जायचा आणि ट्रॅक्टरवर दिवसभर गाणी लावायचा. तिनं फोन केला. तो सापडला जवळच्याच रानात, आणि तासाभरात ट्रॅक्टरसह दुकानासमोर येऊन उभा राहिला. पेनड्राइव्ह त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून काढला, पण तो टेबलावर ठेवला नाही.

त्यात अकराशे चाळीस गाणी होती. ती पुसावी लागतील हे ऐकल्यावर त्यानं पेनड्राइव्ह परत खिशात घातला. राजेश्वरीनं त्याला सांगितलं की गाणी आधी माझ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवते, काम झालं की परत भरून देते. श्रीमंत म्हणाला की गाण्यांची ओळ बदलता कामा नये. कुठल्या गाण्याला नांगराची किती तासं पडतात हे त्याला पाठ होतं. ओळ बदलली तर जेवायची वेळ कळणार नाही. हे त्यानं इतक्या सरळपणानं सांगितलं की गुरुजींनी त्याला काही सुनावायचं मनात आणलं होतं ते राहून गेलं. मेळाव्यासाठी हवाय हे कळल्यावर मात्र त्यानं खिशात हात घातला. चौसष्टांत एक नाव त्याचंही होतं.

गाणी काढून झाली. राजेश्वरीनं पेनड्राइव्हवर यंत्रणा बसवायचा हुकूम दिला, तेव्हा पडद्यावर ताकीद आली की यातलं सगळं नष्ट होईल, पुढं जायचं का. तिनं श्रीमंतकडं पाहिलं. श्रीमंतनं तोंड फिरवलं आणि होकाराची मान हलवली. एखाद्याच्या गुराला सुई टोचताना मालक जसा बाजूला बघतो तसा तो ट्रॅक्टरकडं बघत राहिला. पुढचा अर्धा तास तिनं एकेक अवजार यादीत बसवलं, प्रत्येकाचं काम दोघांना सांगितलं, आणि श्रीमंतला त्यातलं सगळं समजलं. ट्रॅक्टरच्या पेटीत पाना, पक्कड, जॅक असतो, तसंच आहे म्हणाला. गुरुजी मात्र अजून प्रभारीवरच होते.

पेनड्राइव्ह गुरुजींच्या डब्यात लावला. आता डबा चालू करताच कंपनीचं चिन्ह दोन-तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात कीबोर्डावरचं एफ बारा दाबत राहायचं, म्हणजे कशावरून सुरू होऊ असं तो विचारेल. राजेश्वरी मागं वायर धरून उभी होती, म्हणून दाबायचं काम गुरुजींकडं आलं. गुरुजींनी दारावरची घंटा वाजवावी तसं एकदा दाबलं आणि हात मागं घेऊन सभ्यपणे वाट बघितली. ठिपके फिरू लागले.

“दाबत राहायचं, गुरुजी. उत्तर येईपर्यंत.”

दुसऱ्यांदा गुरुजींना संकोच वाटला आणि उशीर झाला. तिसऱ्यांदा श्रीमंतनं पुढं होऊन बोटानं असा काही सपाटा लावला की डबा बिचकून लगेच यादी दाखवू लागला. राजेश्वरीनं पेनड्राइव्ह निवडला. काळा पडदा, मग ओळींमागून ओळी, आणि मिनिटभरानं एक साधा, अनोळखी पडदा आला. त्यावर गुरुजींची डिस्क एका कोपऱ्यात निमूट बसलेली होती. राजेश्वरीनं ती उघडली. आत चौसष्ट फोल्डर होते. गुरुजींनी पहिलं नाव मोठ्यानं वाचलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि पुढची बोटानं मोजू लागले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गुरुजींच्या प्रत्येक फोल्डरात फोटो आणि बायोडाटा यांखेरीज तिसरी एक फाइल असायची. तिचं नाव ‘शेरा’. नाव नोंदवायला मंडळी घरी आली की गुरुजी समोर बसून जन्मतारीख विचारायचे आणि मथुराबाई चहा घेऊन यायच्या. त्या फारसं बोलत नसत. कप कुणी कसा धरला, कोण कुणाच्या आधी बोललं, चपला कशा काढल्या, एवढं बघायच्या. मंडळी गेली की त्या एक-दोन वाक्यं सांगायच्या आणि गुरुजी ती टाइप करून ठेवायचे. स्थळ सुचवताना त्यांना त्याचा फार उपयोग व्हायचा. बायोडाट्यात सगळेच गोरे, मनमिळाऊ आणि निर्व्यसनी असतात. खरं काय ते मथुराबाईंच्या शेऱ्यात असायचं. ते कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून गुरुजींनी त्या फायलींना ‘लपवा’ अशी खूण करून ठेवली होती. विंडोज ती खूण मानायचं. पेनड्राइव्हवरच्या यंत्रणेला असल्या खुणेशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं सगळं मांडून ठेवलं.

राजेश्वरीनं विचारलं, “गुरुजी, प्रत्येकात तीन-तीन फायली हायेत. तिन्ही घ्यायच्या ना?”

नेमका तेव्हाच श्रीमंत त्यांना आपल्या गाण्यांच्या ओळीची परत आठवण करून देत होता. गुरुजींनी मागं न बघता सांगितलं, “सगळं घे. एक कागद मागं राहता कामा नये.”

तिनं सगळं घेतलं आणि दुकानातल्या चार जीबीच्या पेनड्राइव्हवर भरून दिलं. ‘लपवा’ची खूण तेवढी मागं राहिली. डिस्क मधेमधे कण्हत होती, दोनदा थांबली, पण संध्याकाळच्या आत काम झालं. श्रीमंतच्या पेनड्राइव्हवर गाणी परत भरली. त्याआधी राजेश्वरीनं अवजारांची ती पेटी आपल्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी जपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी छापखान्यात गेले. छापखाना गोरोबाचा होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दशक्रियेची कार्डं छापण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. गेल्या वर्षी पुस्तिकेत दोघांचे फोटो राहिले होते, म्हणून गुरुजींनी त्याला बजावलं की फोल्डरात जे आहे ते सगळं आलं पाहिजे. मग ते कार्यालयाच्या खुर्च्या बघायला गेले. मुखपृष्ठ त्यांनी तपासलं, त्यातला ‘परिचय’ शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. आतली पानं तपासायला वेळ मिळाला नाही.

गोरोबा छापतो ते वाचत नसे. वाचायला लागलो तर छापणार कधी, असं त्याचं म्हणणं होतं. पण कामात चोख. प्रत्येक पानावर खाली चार बोटं जागा उरत होती आणि प्रत्येक फोल्डरात ‘शेरा’ नावाचा छोटा मजकूर होता. त्यानं तो त्या जागेत बसवला, भोवती वेलबुट्टीची चौकट टाकली आणि अक्षर ठळक केलं.

रविवारी अकराला कार्यालय भरलं. दारावर प्रत्येक कुटुंबाला पुस्तिका दिली जात होती. राजेश्वरी पडद्यावर फोटो दाखवण्यासाठी कॉम्प्युटर घेऊन बसली होती. प्रमुख पाहुणे कुटुंबसंस्थेवर बोलायला उभे राहिले आणि गुरुजींच्या लक्षात आलं की सभागृहात आवाज नाही. दरवर्षी या वेळेला लहान पोरं पळत असतात, बायका एकमेकींना हाका मारत असतात. आज सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. आजवर पुस्तिका कुणी इतकी मन लावून वाचली नव्हती. गुरुजींना भरून आलं. पाहुण्यांना वाटलं आपलं भाषण पोचतंय, त्यांनी दहा मिनिटं वाढवली.

मग तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पाठोपाठ बायकांच्या बाजूला हशा झाला आणि लगेच दाबला गेला. सीमेकडच्या गावाहून आलेले पंचाक्षरी नावाचे गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांच्या मुलाचं नाव पुस्तिकेत होतं.

“गुरुजी,” ते म्हणाले, “आमच्या घरातलं तुम्ही चौकटीत छापलंय.”

गुरुजींनी पान उघडलं. खाली चौकटीत होतं: ‘जमीन सात एकर लिहिली आहे. चार आहे. तीन चुलत्याची. पण चुलता भला माणूस आहे.’

त्यांनी पुढचं पान उलटलं. ‘फोटो मुलाचाच, पण केस होते तेव्हाचा.’ त्यापुढचं. ‘मुलगी हुशार. बाप तिला भितो. चांगलं लक्षण.’ त्यापुढचं. ‘निर्व्यसनी लिहिलं आहे. खिशात पुडी होती. लपवत होता, म्हणजे लाज आहे, सुटेल.’ गुरुजी खाली बसले. मग त्यांनी हळूच राजेश्वरीकडं पाहिलं, आणि तिनं तिच्या हातातली पुस्तिका बघून कपाळाला हात लावला. तिनं जवळ येऊन त्यांना कानात सांगितलं की लपवलेलं आहे हे त्या यंत्रणेला कळत नाही, आणि मला तुम्ही सांगितलं नव्हतं.

“तू विचारलं होतंस,” गुरुजी म्हणाले. तेवढा न्याय त्यांच्यात होता.

पुस्तिका परत गोळा कराव्यात असं त्यांनी सुचवून पाहिलं. एकही परत आली नाही. पंचाक्षरी अजून उभेच होते आणि त्यांचा आवाज चढत चालला होता. अडचण अशी झाली की त्यांचे ते भाऊ, म्हणजे मुलाचे चुलते, शेजारीच बसले होते, आणि ते अजिबात रागावलेले नव्हते. ‘भला माणूस आहे’ ही ओळ त्यांनी बायकोला दाखवली, मागच्या रांगेत दाखवली, आणि जास्तीच्या पाच प्रती मिळतील का अशी चौकशी केली. भाऊच खूश असल्यावर पंचाक्षरींना भांडण पुढं नेता येईना.

तोवर मथुराबाई बायकांच्या बाजूनं उठून व्यासपीठावर आल्या. आयुष्यात त्यांनी माइक हातात घेतला नव्हता. त्यांनी तो ताकाच्या रवीसारखा दोन्ही हातांनी धरला.

“ह्यांच्यावर रागवू नका,” त्या म्हणाल्या. “शेरा माझा हाय. ह्यांनी निस्तं लिव्हलं. लपवून ठिवलं हुतं, ते बाहिर आलं. आता आलंच हाय तर सांगते. ज्याचं म्या चुकीचं लिव्हलं आसंल त्यानं उठावं. हितंच खोडते.”

लोक शेजाऱ्यांकडं बघू लागले. दुसऱ्याचा शेरा बरोबर आहे याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. आपला चुकलाय म्हणून उठावं तर ते ठरवायला सगळं सभागृह तयार होतं. केसांचा शेरा असलेला मुलगा तेवढा उठला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि फोटो फार जुना नाही, चारच वर्षांपूर्वीचा आहे, एवढी दुरुस्ती सुचवली. मथुराबाईंनी ती मान्य केली. तो बसला तेव्हा दोन मुलींनी त्याचं पान शोधून कोपरा दुमडला.

मग मागून एक मुलगी उठली. तिचं नाव सृष्टी. येरमाळ्याला हायवेवर तिच्या वडिलांचं टायरचं दुकान होतं आणि पदवी घेऊन ती तिथंच बसत होती. तिच्या चौकटीत होतं, ‘मुलगी सरळ विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. समोरच्याला जड जातं.’ ती म्हणाली, माझा शेरा बरोबर आहे. पण सदतिसाव्या पानावर जे लिहिलंय ते खरं आहे का, हे मला बघायचंय.

सगळ्यांनी सदतिसावं पान काढलं. कृष्णराज, सास्तूरचा, बागायती. ‘मुलगा चांगला. शेती मन लावून करतो. बोलताना आईकडं बघतो. आई नसली की छताकडं.’

कृष्णराज दुसऱ्या रांगेत होता. सृष्टीनं तिथूनच त्याला विचारलं, “तुम्हाला स्वतःला लग्न करायचंय का?”

कृष्णराजनं आईकडं पाहिलं. सभागृहातल्या दोन-अडीचशे माणसांनी त्याला आईकडं बघताना पाहिलं. आईच्या हातात पुस्तिका उघडीच होती. त्या माउलीनं काय केलं, तर खुर्ची उचलली, पूर्ण फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

कृष्णराजनं छताकडं पाहिलं. सगळ्यांनी छताकडं पाहिलं. पंख्याला आधीच्या कुठल्यातरी लग्नातली चंदेरी झिरमिळी अडकलेली होती आणि ती फिरत होती. सृष्टी थांबली. पाहुण्यांनी घसा खाकरला तेव्हा गुरुजींनी त्यांना बोटानं गप्प केलं.

“करायचंय,” कृष्णराज त्या झिरमिळीला म्हणाला. “आजपातुर मला कुणी इचारलंच न्हाय. आईलाच इचारत्यात.” मग त्यानं मान खाली आणली आणि सृष्टीकडं बघितलं. “आन् आईकडं बघतो ते इचारायला न्हाय. ती मधीच काय बोलंल ह्याची धास्ती आसती.”

हशा इतका मोठा झाला की बाहेरचे जेवणाचे लोक आत बघायला आले. त्यात सगळ्यात जास्त कृष्णराजची आई हसली, भिंतीकडं तोंड करूनच.

त्यानंतर कार्यक्रमपत्रिका कुणी पाळली नाही. लोक पुस्तिका घेऊन एकमेकांना शोधत सुटले. एरवी मेळाव्यात तीन-चार कुटुंबं समोरासमोर बसायची, त्या दिवशी सतरा बसली. पुडीवाल्या मुलाला एका मुलीच्या आजीनं बाजूला घेऊन खिसे दाखवायला लावले. श्रीमंतच्या चौकटीत ‘ट्रॅक्टर स्वतःचा. दुसऱ्याचं ऐकून घेतो’ असं होतं, आणि ऐकून घेणारा माणूस बघायला दोन कुटुंबं आली. दोघंजण रागावून जेवण न करता गेले. एका वडिलांची तक्रार वेगळी होती: इतरांना तीन-तीन ओळी आणि आमच्या मुलीला एकच का. मथुराबाईंनी मुलीला पुन्हा एकदा घरी चहाला घेऊन यायला सांगितलं.

गुरुजींनी सोमवारी राजेश्वरीकडं नवी डिस्क बसवून घेतली. शेऱ्यांना परत लपवायचं का, असं तिनं विचारलं. राहू दे, ते म्हणाले, आता लपवून कुणापासून लपणार. पुढच्या महिन्यात नोंदणीला येणारे लोक आपापला शेरा जाताना मागूनच नेऊ लागले, आणि मथुराबाई जास्त जपून बोलू लागल्या, पण खोटं बोलल्या नाहीत.

कृष्णराज येरमाळ्याला तीनदा गेला. पहिल्यांदा आई, मामा आणि मामी यांच्याबरोबर. दुसऱ्यांदा आईबरोबर. तिसऱ्यांदा एकटाच मोटारसायकलवर, चांगल्या भरलेल्या टायरात हवा भरायला. सृष्टीनं हवा तपासली, काही बोलली नाही, आणि त्या दिवशी त्यानं तिच्याकडं बघून तासभर गप्पा मारल्या. देवळात जाऊन आल्यावर दोन्ही घरांनी सुपारी फोडायचं ठरवलं.

सुपारी फुटल्यावर कृष्णराजची आई गुरुजींच्या घरी पेढे घेऊन आली. पेढे देऊन झाले तरी ती उठेना. मथुराबाईंनी काय हवंय ते विचारलं. ती संकोचून म्हणाली, पोराचा शेरा लिहिलात, माझाही एक लिहा, सुनेच्या हातात द्यायला बरा.

गुरुजी कॉम्प्युटरसमोर सरकून बसले. मथुराबाईंनी तिला चहा दिला. ती कप दोन्ही हातांनी धरून, अंग चोरून, एकेक घोट घेऊ लागली. मथुराबाई बराच वेळ तिच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी गुरुजींना हातानं थांबवलं.

“तुमचा म्या न्हाय लिव्हत,” त्या म्हणाल्या. “वर्सभर थांबा. सून लिव्हंल.”